कब्बाला: देवाला माणसाची गरज आहे का?

रेवाकाठ

तत्त्वज्ञानाच्या धाग्यांवर कब्बालाचा, म्हणजे ज्यू धर्मातल्या गूढवादी परंपरेचा, विषय निघाला की दोन-चार प्रतिसादांत चर्चा मनगटावरच्या लाल दोऱ्यावर नाहीतर अंकशास्त्रावर घसरते. मला या वाचनात ओढलं ते वेगळ्याच प्रश्नानं, आणि त्यावर इथल्या मंडळींशी सविस्तर बोलावं म्हणून हा धागा काढतोय. प्रश्न असा: देव परिपूर्ण असेल, त्याला कशाचीच उणीव नसेल, तर माणसानं प्रार्थना केली काय आणि न केली काय, त्याला काय फरक पडतो?

ज्यू परंपरेत याचं एक खणखणीत उत्तर तत्त्वज्ञ आणि धर्मशास्त्री मायमोनिडीझनं (११३८-१२०४) देऊन ठेवलंय. त्याच्या मते देवाला माणसाकडून काहीही लागत नाही. धर्माज्ञा, ज्यांना मित्स्वा म्हणतात, त्या माणसाच्या भल्यासाठी आहेत: समाज नीट चालावा, विकारांना आवर बसावा, बुद्धी सत्याकडे वळावी. प्रार्थनेनं बदलतो तो प्रार्थना करणारा. आज आपल्यापैकी अनेकजण देवाबद्दल बोलताना हेच म्हणतील.

कब्बालिस्टांना हे पटलं नाही. मेइर इब्न गब्बायनं १५३१ साली पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात मायमोनिडीझशी उघड वाद मांडलाय. उपासना ही 'वरची गरज' आहे, असं तो ठामपणे म्हणतो. माणसाच्या कृतीनं देवत्वाच्या आत काहीतरी जुळतं किंवा तुटतं. एका कडक एकेश्वरवादी धर्माच्या आत राहून, तोरा (मोशेचे पाच ग्रंथ) आणि तालमूद (त्यावरच्या रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, चर्चांचा संग्रह) प्रमाण मानून असं म्हणणं ही साधी गोष्ट नव्हे. माझ्या मते कब्बालाचा गाभा इथे आहे. बाकी सगळी गुंतागुंत, जगांची उतरंड, अक्षरांचे खेळ, या एका दाव्याला उभं करण्यासाठी आहे.

आता हे शक्य कसं होतं? कब्बालात देवाबद्दल दोन पातळ्यांवर बोललं जातं. एक 'एन सोफ', म्हणजे ज्याला अंत नाही असा. त्याच्याशी नातं जोडता येत नाही, त्याचं वर्णन होत नाही, त्याला हाकही मारता येत नाही. त्या अनंतातून दहा सेफिरोत प्रकट होतात: केतेर, होखमा, बिना, हेसेद, गेवुरा, तिफेरेत, नेत्साह, होद, येसोद, मालखुत. हेसेद ही भरभरून वाहणारी कृपा, गेवुरा हा तिला आवरणारा कठोर न्याय, तिफेरेत हा दोघांमधला मेळ. शेवटची मालखुत म्हणजेच शेखिना, देवाचं जगाच्या सर्वांत जवळ असलेलं रूप, आणि ते स्त्रीरूप मानलंय. वरून येणारं सगळं तिच्यातूनच आपल्यापर्यंत पोचतं. आणि माणसाच्या कृतीचा पहिला परिणाम होतो तोही तिच्यावरच.

झोहार हा कब्बालाचा मुख्य ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या कॅस्तिल प्रांतात पुढे आला. परंपरा तो दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योहाय यांचा मानते, तर अभ्यासक तो मोझेस दे लेओन (मृत्यू १३०५) आणि त्याच्या वर्तुळाकडे देतात. झोहारमध्ये एक सूत्र पुन्हा पुन्हा येतं: खाली जाग आल्याशिवाय वर जाग येत नाही. पहिली हालचाल माणसाची. दान दिलं, शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस) पाळला, भुकेल्याला जेवू घातलं की तिफेरेत आणि शेखिना एकत्र येतात आणि जगाकडे कृपेचा ओघ सुरू होतो. माणूस चुकला की ती दोघं दुरावतात. पुढच्या काळात मित्स्वा करण्याआधी एक वाक्य म्हणायची रीतच पडली: 'पवित्र प्रभू आणि त्याची शेखिना यांच्या मीलनासाठी.' कृती माझी आहे, पण ती माझ्या पुण्यासाठी नाही, हे त्या वाक्यातून स्वतःलाच बजावायचं.

हे सगळं आणखी पुढे नेलं ते इस्हाक लुरियानं. त्याला 'आरी' म्हणतात. जन्म १५३४, जेरुसलेम. वाढला इजिप्तमध्ये. १५७० मध्ये गॅलिलीतल्या त्स्फातला आला आणि १५७२ मध्ये तिथल्या साथीत, चाळिशीही न गाठता गेला. त्यानं स्वतः फारसं लिहिलं नाही. आपल्याकडे आहे ते मुख्यतः त्याचा शिष्य हाइम विटाल (१५४२-१६२०) यानं टिपलेलं. पण त्या जेमतेम दोन वर्षांनी ज्यू धर्माची पुढची काही शतकं बदलून टाकली.

आरीची मांडणी अशी. आधी सगळीकडे एन सोफच होता. दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. म्हणून त्यानं स्वतःला आक्रसून घेतलं. याला 'त्सिमत्सुम' म्हणतात. जी पोकळी झाली तिच्यात प्रकाशाचा एक किरण सोडला. तो प्रकाश धरून ठेवण्यासाठी पात्रं होती, पण खालच्या पातळीवरच्या पात्रांना तो पेलवला नाही आणि ती फुटली. प्रकाशाचे कण, ठिणग्या, पात्रांच्या तुकड्यांना चिकटून खाली पडल्या आणि कवचांत अडकल्या. आपण राहतो ते जग या मोडतोडीनंतरचं. त्या ठिणग्या उचलून परत जागी नेणं, म्हणजे 'तिक्कुन', हे माणसाचं काम.

दुरुस्तीचा मोठा भाग वरच होतो, पण शेवटचा टप्पा मुद्दाम माणसाकडे राहिलाय. आदामाला तो पुरा करायचा होता, जमला नाही. त्याच्या आत्म्यात सगळ्या माणसांचे आत्मे होते, तेही विखुरले. म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या त्याच्याच ठिणग्या येतात, दुसरा कोणी त्या उचलू शकत नाही. एका जन्मात झालं नाही तर पुन्हा जन्म. हो, लुरियाच्या कब्बालात पुनर्जन्म आहे, आणि तो मध्यवर्ती आहे.

१४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंना हाकललं. त्स्फातमध्ये जमलेल्यांपैकी कितीतरी घराणी त्या हकालपट्टीतून आलेली. जगच मुळात निर्वासित आहे, आणि देवाचाही एक अंश त्याच्यासोबत परागंदा आहे, हे ऐकून त्या लोकांना काय वाटलं असेल याचा मी बराच विचार केलाय. तुमची मतं वाचायला आवडतील.

सह्यकडा

उत्तम लेख. पण वाचताना सारखं वाटत होतं की हे आपलंच अद्वैत आहे. एन सोफ म्हणजे निर्गुण ब्रह्म, सेफिरोत म्हणजे सगुण, आणि ठिणग्या परत मूळ प्रकाशात जाणं म्हणजे मोक्ष. नावं बदलली, तत्त्व एकच. फरक नेमका कुठे आहे?

वाचनवेडी

वाचतेय. सह्यकडा यांच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय.

मला मात्र अद्वैतापेक्षा तुकोबा आठवले. ते विठोबाला ठणकावून सांगतात की आम्ही पतित आहोत म्हणून तुला नाव-रूप आहे, नाहीतर तुला कोण विचारतो. 'वरची गरज' म्हणतात ती हीच की. फरक एवढाच की तुकोबा हे भांडणात, लाडात म्हणतात आणि हे लोक त्याचा सिद्धांत करतात.

आणखी एक विचारायचंय. शेखिना स्त्रीरूप आहे म्हणता, पण या सगळ्या नावांत एकही बाई दिसली नाही. आपल्याकडे मुक्ताबाई आहे, जनाबाई आहे, बहिणाबाई आहे. तिकडे कोण?

रेवाकाठ

सह्यकडा, साम्य दिसतं हे खरं, पण घाईनं एक करून टाकलं तर कब्बालाचं स्वतःचं म्हणणं हातातून निसटतं.

अद्वैतात जगाचं वेगळेपण अज्ञानामुळे भासतं. ज्ञान झालं की करायचं काही उरत नाही. लुरियाच्या मांडणीत जगाची मोडतोड खरी आहे. पात्रं खरोखर फुटलीत. नुसतं जाणून घेतल्यानं ती सांधली जात नाहीत, हातानं काहीतरी करावं लागतं: मेणबत्ती लावावी लागते, अन्नावर आशीर्वचन म्हणावं लागतं, शेजाऱ्याचं देणं द्यावं लागतं. म्हणून कब्बालात मोठ्यातला मोठा गूढवादीसुद्धा नियम पाळणारा कडक ज्यू असतो. शुल्हान आरुख ही ज्यू आचारधर्माची सर्वमान्य संहिता लिहिणारा योसेफ कारो त्स्फातमध्येच राहत होता आणि तो स्वतः कब्बालिस्ट होता. आपल्याकडे ज्ञानी पुरुष विधिनिषेधांच्या पलीकडे गेला असं म्हणण्याची सोय आहे. तिथे ती सोय जवळजवळ नाहीच. ज्यानं ती घेतली त्या शब्ताई त्स्वीनं (१६२६-१६७६) हाहाकार उडवला. स्वतःला मसीहा म्हणवलं, नियम मोडणं हेच पवित्र कृत्य ठरवलं आणि १६६६ मध्ये ऑटोमन सुलतानासमोर इस्लाम स्वीकारला. त्या धक्क्यातून ज्यू समाज फार दिवस सावरला नव्हता. १७५६ मध्ये ब्रोडी इथल्या रब्बींनी तिशीच्या आत झोहार आणि चाळिशीच्या आत आरीचे ग्रंथ वाचायला बंदी केली. ती याच भीतीतून, शब्ताईचं नाव घेणारे पंथ तेव्हाही जिवंत होते म्हणून.

पण तुमचा प्रश्न अभ्यासकांनाही पडलेला आहे. देवाशी जवळीक साधण्याच्या अवस्थेला 'देवेकुत' म्हणतात, चिकटून राहणं. गेर्शोम शोलेम (१८९७-१९८२) यानं हा सगळा विषय विद्यापीठात उभा केला. त्याचं मत असं की देवेकुत म्हणजे सान्निध्य. भक्त कितीही जवळ गेला तरी निर्माता आणि निर्मिती यांच्यात एक रेघ राहते. मोशे इदेलनं १९८८ मध्ये हे खोडून काढलं आणि कब्बालात पूर्ण विलयाची भाषा करणारे लोक आहेत हे दाखवलं. त्यात पहिलं नाव अब्राहाम अबुलाफियाचं. १२४० मध्ये झारागोझात जन्मलेला हा माणूस अक्षरं फिरवत, श्वास आणि मानेच्या हालचाली सांभाळत ध्यान करायचा. १२८० मध्ये तो पोप निकोलस तिसरा याची भेट घ्यायला निघाला. पोपनं त्याला जाळायचा हुकूम दिला आणि नेमका पोपच अचानक वारला. असो, तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

इदेलचं पारडं मला जड वाटतं, पण एका अटीवर: विलय हा तिथे शेवटचा मुक्काम नाही. तिथून परत येऊन दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना करावीच लागते.

तुमच्या अद्वैताच्या सर्वांत जवळ कोणी जात असेल तर हसिदी पंथातले (अठराव्या शतकात पूर्व युरोपात उभा राहिलेला ज्यू भक्तिपंथ) श्नेउर झाल्मान (१७४५-१८१२). त्यांचा तान्या हा ग्रंथ १७९६ मध्ये छापला गेला. त्यांच्या मते त्सिमत्सुम शब्दशः घ्यायचा नाही. देव कुठेही गेला नाही, आक्रसला नाही. फक्त आपल्या बाजूनं तो झाकला गेला. जग क्षणोक्षणी त्याच्या उच्चारामुळे टिकून आहे, तो उच्चार थांबला तर जग कधी नव्हतंच असं होईल. इथे तुम्हाला ओळखीचं वाटेल. पण त्याच काळात व्हिल्नाच्या गाओनांचे (हसिदींना विरोध करणारे थोर तालमूद-पंडित) अनुयायी आणि हसिदी यांच्यात बहिष्कारापर्यंत भांडणं गेली, आणि त्यात देव सगळीकडे आहे म्हणजे नेमका कसा आहे, हाही एक मुद्दा होता.

वाचनवेडी, तुकोबांचा धागा मला फार आवडला. बायकांचं म्हणाल तर उत्तर क्लेशकारक आहे. शोलेमनंच लिहून ठेवलंय की कब्बाला ही पुरुषांनी पुरुषांसाठी केलेली परंपरा. शेखिनेबद्दल हजारो पानं आहेत, पण प्रत्यक्ष बाईनं लिहिलेलं शोधू गेलं तर हात रिकामे राहतात. विटालच्या स्वप्नांच्या आणि दृष्टान्तांच्या रोजनिशीत मात्र काही स्त्रिया येतात. त्यांत त्स्फातची फ्रान्सेसा सारा आहे. तिला दृष्टान्त होत आणि शहरातले जाणते लोक तिचं ऐकत. तिच्या स्वतःच्या शब्दांत आपल्याकडे काही नाही.

दर्यावर्दी

या धाग्यावर लिहायलाच हवं असं वाटलं. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली, घराणं अलिबागकडचं, आता कितीतरी वर्षं इस्रायलमध्ये. घरात अजून मराठी बोलतो.

आमच्याकडे लहानपणी 'कब्बाला' हा शब्द कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. आजी तेलाचा दिवा लावायची, शब्बाथला कामाला हात लावायची नाही, एलियाहू हानावीची (एलिया संदेष्ट्याच्या नावानं) मलिदा करायची. पोहे, खोबरं, फळं, सगळं नीट मांडून. तिला कोणी सेफिरोत विचारले असते तर ती बघतच राहिली असती. पण शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सगळे 'लेखा दोदी' म्हणायचो. ते गीत त्स्फातच्या श्लोमो अल्कबेत्झचं. त्स्फातचाच कब्बालिस्ट मोशे कोर्दोव्हेरो, त्याची बायको ही अल्कबेत्झची बहीण. रेवाकाठ यांनी कोर्दोव्हेरोचा उल्लेख केला नाही, तो करावा ही विनंती.

'ये सख्या, नवरीच्या भेटीला, चल शब्बाथचं स्वागत करू.' शब्बाथ ही नवरी. मोठी झाल्यावर कळलं की ती नवरी म्हणजेच शेखिना. शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळतात आणि नवरीला आत या म्हणतात. आरी आणि त्याचे शिष्य तर पांढरे कपडे घालून खरोखरच गावाबाहेर शेतात जायचे तिला आणायला. दुसरी गोष्ट जी माझ्या फार उशिरा लक्षात आली ती ही, की गीताची मधली बहुतेक कडवी शब्बाथबद्दल नाहीतच. ती जेरुसलेमला उद्देशून आहेत: ऊठ, धूळ झटक, आसवांच्या खोऱ्यात फार दिवस बसलीस. वर लिहिलंय ते हाकललेल्या लोकांचं दुःख असं दर शुक्रवारी आमच्या तोंडी होतं, कोकणातसुद्धा.

सांगायचं हे की सिद्धांत माहीत नसलेली माणसंही हे नातं जगत होती. हिब्रूसोबत मराठी छापलेली हगादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) पुण्यात १८७४ मध्येच निघाली होती. आमच्या लोकांना अर्थ समजून प्रार्थना करायची होती. पण कब्बालाचे ग्रंथ मराठीत कोणी आणलेले मी पाहिले नाहीत. म्हणून इथे मराठीत ही चर्चा वाचताना फार बरं वाटलं.

सह्यकडा

दर्यावर्दी ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मनापासून आभार. हे गीत वर्षानुवर्षं मराठी घरांत म्हटलं जात होतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, याची खंत वाटते.

गणकयंत्र

माझा या विषयाशी संबंध व्हिडिओंपुरता. त्यांत सतत एकच ऐकायला मिळतं: 'घेण्याची इच्छा', 'देण्याची इच्छा', निर्मात्याशी रूपसाम्य. ठिणग्या, शेखिना, प्रार्थना यांचं नावही नाही. ते आणि तुम्ही सांगताय ते एकच आहे का? मला ती मांडणी पटकन समजली होती, म्हणून विचारतो.

रेवाकाठ

गणकयंत्र, तुम्ही ऐकलंय ते येहुदा अश्लागच्या (१८८५-१९५४) मांडणीतून आलंय. वॉर्सॉचा हा रब्बी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला जेरुसलेमला गेला. त्यानं संपूर्ण झोहारवर हिब्रूत भाष्य लिहिलं, त्याला 'सुलाम' म्हणजे शिडी म्हणतात. मूळ अरामी न समजणाऱ्यांना झोहार त्याच्यामुळे उघडला. तो समाजवादाकडे झुकलेला होता, आणि कब्बाला सर्वांसाठी खुली करायची असा त्याचा ध्यास होता.

त्याचा मुद्दा असा. निर्मात्याचा स्वभाव फक्त देण्याचा. देण्यासाठी घेणारा हवा, म्हणून त्यानं 'घेण्याची इच्छा' निर्माण केली. तीच आपण. आता अडचण अशी की नुसतं घेत राहणाऱ्याला लाज वाटते. या जुन्या कल्पनेला 'लाजेची भाकर' म्हणतात. आणि देणारा आणि घेणारा यांचा स्वभावच उलटा असल्यामुळे ते एकमेकांपासून दूर राहतात. अश्लागच्या मते आत्मिक जगात अंतर मोजायची पट्टी एकच: स्वभाव किती जुळतो.

यावर त्याचा पाहुण्याचा दृष्टान्त आहे. यजमानानं पान वाढलंय, पाहुण्याला भूक आहे, पण त्याला संकोच वाटतो आणि तो नको म्हणतो. यजमान आग्रह करतो, विनवतो, तू जेवलास तर मला आनंद होईल म्हणतो. शेवटी पाहुणा यजमानाच्या आनंदासाठी जेवतो. तेच अन्न, तीच भूक, पण आता घेणं हेच देणं झालंय. इच्छा मारायची नाही, हेतू बदलायचा. संन्यासाची शिकवण इथे मिळणार नाही.

मला ही मांडणी सुंदर वाटते आणि अपुरीही. सुंदर यासाठी की 'वरची गरज' तिच्यात टिकून आहे: आग्रह करणारा यजमान परिपूर्ण असूनही पाहुण्याची वाट बघतो. अपुरी यासाठी की अश्लागच्या नावानं आज जे सोपं करून सांगितलं जातं त्यात मित्स्वा गळून पडतात. स्वतः अश्लाग काटेकोर धर्म पाळणारा हसिदी होता. त्याच्या मते हेतू बदलण्याचं साधन तोरा आणि मित्स्वा हेच. ते काढून टाकलं की मागे उरतं ते स्वभाव सुधारण्याचं शास्त्र. उपयोगी असेल, पण त्यात कोणाशी नातं उरत नाही.

अनुष्टुभ

सगळं शांतपणे वाचलं. मला एकच शंका छळते आणि ती बौद्धिक खेळ म्हणून विचारत नाही. गेल्या वर्षी घरात मोठा मृत्यू झाला. पात्रं फुटली, देव आक्रसला, ठीक. पण हे ज्या लोकांनी मांडलं त्यांच्याच वंशजांवर विसाव्या शतकात जे आलं, त्यानंतर 'खाली जाग आली की वर जाग येते' हे वाक्य तोंडातून कसं निघतं? तिथे खाली काय कमी प्रार्थना चालली होती?

रेवाकाठ

अनुष्टुभ, तुमच्या घरच्या दुःखाबद्दल मनापासून सहवेदना.

तुमच्या प्रश्नावर मी सिद्धांतातून उत्तर देणार नाही, कारण कब्बालात त्याचं पुरं पडेल असं उत्तर आहे असं मला वाटत नाही. एका माणसाबद्दल सांगतो. कलोनिमुस काल्मान शापिरा, पियासेच्नोचे रब्बी, जन्म १८८९. युद्ध सुरू झालं त्या पहिल्याच महिन्यात, सप्टेंबर १९३९ मध्ये, वॉर्सॉवरच्या बॉम्बहल्ल्यात त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. त्यानंतर ते घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, राहिले आणि १९४२ पर्यंत शब्बाथला आणि सणांना प्रवचनं करत, ती लिहून ठेवत राहिले. घेट्टो संपत आला तेव्हा कागद जमिनीत पुरले गेले. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना ठार मारलं. युद्धानंतर ते कागद सापडले आणि १९६० मध्ये छापले गेले.

तालमूदमध्ये एक वचन आहे की देवाच्या आतल्या खोल्यांत तो रडतो. शापिरांनी ते धरलं. त्यांचं म्हणणं असं की देवाचं दुःख अनंत आहे, त्यामुळे ते जगात मावूच शकत नाही. त्यातला एक थेंब जरी बाहेर आला तरी जग संपेल, म्हणून तो आत जाऊन रडतो. एकट्यानं रडणारा माणूस मोडून पडतो, त्याला काही करताही येत नाही, शिकताही येत नाही. पण जो तोरा शिकत शिकत त्या आतल्या खोलीत शिरतो आणि देवाबरोबर रडतो, त्याला त्यातूनच बळ मिळतं.

तुमच्या प्रश्नाचा निकाल यानं लागत नाही. शापिरांच्या शेवटच्या लेखनात त्यांनी स्वतःच नोंद केलीय की असं पूर्वी कधीही घडलं नव्हतं, म्हणजे जुनी स्पष्टीकरणं पुरत नाहीत हे त्यांना दिसत होतं. पण पाहा, इथेही नातं दोन्ही बाजूंचंच राहिलंय. सांत्वनाची गरज फक्त माणसाला आहे असं ते म्हणत नाहीत. शेखिना निर्वासितांसोबत जाते हे तालमूदचं जुनं वचन त्यांनी घेट्टोच्या आत नेलं.

अनुष्टुभ

धन्यवाद. हे मला माहीत नव्हतं. आत्ता लगेच काही बोलता येणार नाही, पण हे वाचणार आहे.

वाचनवेडी

अनुष्टुभ, तुमच्यासाठी प्रार्थना.

रेवाकाठ, दर्यावर्दी ताईंनी कोर्दोव्हेरोबद्दल विचारलं होतं, ते राहिलं. आणि रोजच्या आयुष्यात हे कसं आणायचं याबद्दलही थोडं लिहा. ठिणगी उचलायची म्हणजे सोमवारी सकाळी नक्की काय करायचं?

रेवाकाठ

दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून बरं झालं.

मोशे कोर्दोव्हेरो (१५२२-१५७०) हा आरीच्या आधी त्स्फातमधला सर्वांत मोठा कब्बालिस्ट. सव्विसाव्या वर्षी, १५४८ मध्ये, त्यानं तोवरच्या साऱ्या कब्बालाची पद्धतशीर मांडणी करणारा प्रचंड ग्रंथ संपवला. पण माझं मन अडकलंय ते त्याच्या 'तोमेर देव्होरा' या छोट्या पुस्तकात. माणूस देवाच्या प्रतिमेत घडलाय तर त्यानं देवासारखं वागायला शिकावं, एवढाच त्याचा विषय. प्रत्येक सेफिरा घेऊन तो सांगतो की ही आपल्या अंगी कशी आणायची. केतेर, म्हणजे सर्वांत वरचं, याचं मानवी रूप काय असेल? नम्रता. कानांनी वाईट ऐकू नये, कपाळावर आठी नसावी, समोरचा कितीही चिडला तरी चेहरा उजळ असावा.

पुस्तकाची सुरुवात देवाच्या करुणेच्या तेरा गुणांनी होते आणि पहिलाच गुण वाचून मी थांबलो होतो. माणूस पाप करतो त्या क्षणीसुद्धा त्याच्या हाताला हलायचं बळ देव देत असतो. तो ते काढून घेऊ शकतो. काढून घेत नाही. ज्याचा अपमान चाललाय तोच अपमान करणाऱ्याला पोसतोय. कोर्दोव्हेरो म्हणतो, तुम्हीही असं सोसा: ज्यानं तुम्हाला दुखावलं त्याच्यावरचा तुमचा उपकार मागे घेऊ नका. सोमवारी सकाळी करायचं ते हे, आणि हे किती कठीण आहे ते ज्याचं त्याला ठाऊक.

आरीचीही एक सूचना विटालनं टिपलीय. सकाळच्या प्रार्थनेआधी 'शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर' ही आज्ञा मी स्वीकारतो, असं म्हणावं. मगच निर्मात्याशी बोलायला सुरुवात. मधला माणूस ओलांडून वर जाणारी वाट इथे नाही.

आणि ज्यांना नियमित अभ्यास हवा त्यांच्यासाठी ओमेरची मोजणी आहे. वल्हांडणापासून शावुओतपर्यंत (तोरा मिळाल्याचा सण) ४९ दिवस. कब्बालिस्टांनी खालच्या सात सेफिरोत एकमेकींत गुंफून प्रत्येक दिवसाला एक जोडी दिली. पहिल्या दिवशी हेसेदमधला हेसेद, दुसऱ्या दिवशी हेसेदमधली गेवुरा, असं करत शेवटी मालखुतमधली मालखुत. दुसऱ्या दिवशी विचारायचं ते असं: माझ्या देण्याला आवर आहे का, की मी समोरच्याला गुदमरवतोय? तेहेतिसावा दिवस होदमधल्या होदचा. त्या दिवशी शिमोन बार योहाय यांच्या मेरोनच्या समाधीवर मोठी यात्रा भरते.

कोरांटी

लाल दोऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्या मैत्रिणींत दोघी-तिघी बांधतात, रक्षण होतं म्हणून. त्याचा या सगळ्याशी काही संबंध?

दर्यावर्दी

कोरांटी, इथे बेथलेहेमजवळ राहेलच्या (याकोबाची पत्नी) समाधीला लाल दोरा गुंडाळतात आणि मग त्याचे तुकडे वाटतात, बऱ्याच बायका श्रद्धेनं घेतात. माझ्या घरातही आहे. दृष्ट लागू नये म्हणून बांधतात, लोकश्रद्धा म्हणून त्याला माझी हरकत नाही. पण वर जे नातं सांगितलंय त्यात रक्षण मागण्याला फार छोटी जागा आहे. तिथे माणसाकडून मागितलं जातं.

सह्यकडा

रेवाकाठ, शेवटचा प्रश्न. सुरुवात कुठून करू? थेट झोहार उघडला तर काही कळेल का?

रेवाकाठ

झोहार आधी उघडू नका. तो तोराच्या वचनांवर चालतो, ती वचनं आठवत नसतील तर एक पानही उलगडत नाही. आधी मराठी पवित्र शास्त्रातलं उत्पत्ती, निर्गम आणि गीतरत्न वाचा. झोहारच्या सगळ्या प्रतिमा तिथून उचललेल्या आहेत. मग 'तोमेर देव्होरा', इंग्रजीत सहज मिळतं, लहान आहे, पण एका बैठकीत संपवू नका. त्यानंतर शोलेमचं १९४१ चं व्याख्यानांचं पुस्तक, म्हणजे कोण कधी होऊन गेलं हे डोक्यात पक्कं बसेल, आणि लगेच इदेल, म्हणजे शोलेमचा शब्द अखेरचा वाटणार नाही. तान्या त्यानंतर. अद्वैत वाचलेल्या माणसाला तान्याचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा लवकर जवळचा वाटेल असा माझा अंदाज आहे. तो वाचलात की इथेच लिहा, त्सिमत्सुम खरा की भासमान यावर आपली चर्चा अजून बाकी आहे.